मुलुंडच्या मुरमातलं अर्थिंग: एका सोसायटीच्या कामाच्या नोंदी

12 एप्रिल 2025, शनिवार

मुलुंड पश्चिम, डोंगराच्या अंगाची जुनी सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, 16 फ्लॅट, लिफ्ट नाही, पाण्याचा पंप थ्री फेज. तक्रार अशी की वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना परवा नळाला हात लावताना झटका बसला. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, "मॅडम, अर्थिंग वीक झालंय. खड्ड्यात मीठ-पाणी घाला, आमच्या आधीच्या वायरमनने दरवेळी तेच केलं."

आधी मोजलं. अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या बॉडीवर आलेल्या करंटला जमिनीकडे जायची वाट. आजींच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल 233 व्होल्ट, फेज-अर्थ 128, न्यूट्रल-अर्थ 104. अर्थ धड असता तर न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले असते. हा वीक अर्थ नव्हे, तुटलेला अर्थ आहे. कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून अर्थला, एक न्यूट्रलकडून अर्थला. अर्थची वायर जमिनीपर्यंत पोचत नसेल तर ते सगळे मिळून तिला निम्म्या व्होल्टेजवर लटकवून ठेवतात. म्हणून 104 चा आकडा एकट्याने घाबरवणारा नाही. मीटर लो-इम्पिडन्स मोडवर (यात मीटर स्वतः थोडा करंट ओढतो, त्यामुळे नुसतं लटकतं व्होल्टेज कोसळतं) टाकल्यावर तो शून्याजवळ यायला हवा होता. तो 55 वर अडला, म्हणजे कुठेतरी खरी गळती आहे.

अर्थ आहे का ते बघायला वायरमन मामांच्या हातात होल्डर-बल्ब तयार होता. मी तो फेज आणि अर्थमध्ये लावू दिला नाही. सगळ्या बिल्डिंगचा अर्थ एकत्र आणि तो खाली तुटलेला, अशा वेळी एका सॉकेटवर बल्ब लावला की फेज बल्बमधून अर्थच्या वायरवर चढते आणि सोळाच्या सोळा घरांतल्या फ्रिज-मशीनच्या बॉडीवर जाते. तिसऱ्या मजल्यावर आपण बल्ब पेटतो का बघत असतो, आणि पहिल्या मजल्यावर कुणीतरी मशीनमधून कपडे बाहेर काढत असतं. हे प्रत्येक वायरमनला शिकवायला हवं, आणि कुणी शिकवत नाही.

मीटर रूममध्ये उभं राहून एकेक फ्लॅट बंद करत गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बंद केल्यावर 55 चे 3 व्होल्ट झाले. त्या घरातला गीझर सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन किती धड आहे ते मोजणारं यंत्र) एलिमेंट मोजलं: 0.01 मेगाओहम. निदान एक मेगाओहम तरी हवा. गीझर दुसऱ्या मजल्यावर फुटला आणि झटका तिसऱ्या मजल्यावर बसला, तो या सामायिक, लटकत्या अर्थमुळे. गीझर जागेवर बंद केला. अर्थिंगचं काम होईपर्यंत कुणीही गीझर आणि वॉशिंग मशीन वापरू नये असं फळ्यावर लिहून आले.

15 एप्रिल

अर्थिंगचा खड्डा सापडेना. कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवताना तो झाकून टाकला होता. जुन्या वॉचमनने जागा दाखवली, चार ब्लॉक काढले, खाली तुटकं फनेल. मीटर रूमकडून येणाऱ्या पट्टीची पाइपशी जिथे गाठ पडते तिथे नटबोल्टच्या जागी नुसता गंजाचा लाल भुगा होता. पट्टी दोन बोटं वर, पाइप खाली, मध्ये काही नाही. मीठ-पाणी दरवेळी ओतलं जायचं ते नेमकं याच सांध्यावर.

बिल्डिंगचा मेन स्विच बंद करून पाइप एकटाच मोजला: 52 ओहम. पाइपच्या तोंडातून लोखंडी गज आत सोडला तर तो साधारण दीड मीटरवर टेकला. तीन मीटरचा पाइप असतो असं सगळे धरून चालतात. इथे खणताना दगड लागला असणार आणि पाइप हॅकसॉने कापून वरून माती लोटली असणार. या बाजूच्या जुन्या बिल्डिंगींत हे मी पुन्हा पुन्हा पाहते.

मामांनी विचारलं, "ताई, हाच साफ करून नवीन बोल्ट मारला तर?" आज रात्रीपुरता तेच केलं. पाइपची मान घासून नवी क्लॅम्प बसवली, कारण तुटक्या अर्थपेक्षा 52 ओहमचा अर्थ केव्हाही बरा. पण काम तिथे संपत नाही.

19 एप्रिल

जमीन मोजायचा दिवस. अर्थिंगच्या कोटेशनमध्ये पाइप, कोळसा, केमिकल, चेंबर, सगळ्याचा भाव असतो. जमीन मोजण्याची ओळ क्वचितच असते, आणि पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

मागच्या भिंतीलगत 24 मीटर लांबीची मातीची मोकळी पट्टी आहे, तिथे अशोकाची झाडं. चार स्पाइक एका रेषेत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोन स्पाइकमधून करंट, आतल्या दोघांमधलं व्होल्टेज. टेस्टर जो ओहम दाखवेल त्याला 2π आणि स्पाइकमधल्या अंतराने गुणलं की मातीची रोधकता, म्हणजे ती करंटला किती अडवते ते, मिळते. अंतर जितकं वाढवाल तितक्या खोलवरच्या थराचा त्यात वाटा वाढतो.

1 मीटर: 14.4 ओहम, रोधकता 90 ओहम-मीटर.
2 मीटर: 8.7 ओहम, 109.
3 मीटर: 7.2 ओहम, 136.
4 मीटर: 6.4 ओहम, 161.

अंतराबरोबर आकडा चढतोच आहे, म्हणजे वरचा दोनेक मीटरचा मुरूम-मातीचा थर बरा आणि त्याखाली काळा पत्थर. मुंबईचा बराचसा भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे. अखंड बेसॉल्टची रोधकता शेकड्यांत, कोरडा असेल तर हजारांत जाते. "खोल जा, ओहम कमी होतील" हा नियम जमीन खालीही वरच्याइतकीच चांगली असेल तर खरा. एकसारख्या मातीत तीन मीटरचा पाइप सहा मीटर केला तर रोध साधारण 56 टक्क्यांवर येतो. इथे दोन मीटरनंतरचा प्रत्येक मीटर ब्रेकर लावून फोडायचा आणि त्याच्या बदल्यात जवळजवळ काहीच मिळत नाही.

याच मुलुंडात रेल्वेच्या पूर्वेला, मिठागर रोडच्या बाजूला गेलं की गोष्ट उलटी होते. खाडीकडची चिकण, खारी, ओली माती. तिथे रोधकता पाच-सहा ओहम-मीटरच्या आसपास मिळते आणि एकटा तीन मीटरचा पाइप दीड-पावणेदोन ओहम देतो. पण ते खारं पाणी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातंही तितक्याच वेगाने. तिथली चिंता आकड्याची नाही, पाइप किती वर्षं टिकेल याची. एकाच स्टेशनच्या दोन बाजू आणि दोन वेगळी कामं. म्हणून पूर्वेच्या बिल्डिंगचं अंदाजपत्रक पश्चिमेला चालत नाही.

24 एप्रिल

कमिटीची मीटिंग. समोर दुसऱ्या एका ठेकेदाराचं कोटेशन: एक केमिकल अर्थिंग (पाइपभोवती वीज वाहून नेणारं कंपाउंड भरलेलं), तीन मीटर, "1 ओहमची गॅरंटी". काकांनी सरळ विचारलं, "ते एक ओहम देतायत, तुम्ही आकडाच सांगत नाही. असं कसं?"

वहीवर हिशेब करून दाखवला. 40 मिलिमीटरचा तीन मीटर पाइप 136 ओहम-मीटरच्या जमिनीत सुमारे 39 ओहम देतो. भोवती 200 मिलिमीटरचं भोक करून त्यात उत्तम बॅकफिल कंपाउंड भरलं, तर विजेच्या हिशेबाने पाइप जणू 200 मिलिमीटर जाड झाला. रोध साधारण 28. फायदा खरा आहे, कमी नाही. इलेक्ट्रोडच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धातूच्या, एकूण रोधातला मोठा भाग पहिल्या 30 सेंटिमीटर मातीत असतो, त्यामुळे पाइपला लागून काय भरलंय याला किंमत आहेच. पण भोकाच्या बाहेरची जमीन कुठलंही केमिकल बदलत नाही. 28 चा 1 कागदावरच होतो.

कोळसा-मिठाबद्दल बोलणं निघालंच. मीठ घातलं की आकडा खाली येतो हे खरं. पण मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मीठ धुऊन नेतो. जाता जाता ते जस्त खातं, मग लोखंड. मागच्या आठवड्यातला लाल भुगा पिशवीत घालून नेला होता, तो टेबलावर ठेवला. त्यानंतर मिठाचा विषय निघाला नाही.

माझा प्रस्ताव: खाली जायचं नाही, आडवं पसरायचं. मागच्या भिंतीशी समांतर, पण पायापासून दीड मीटर सोडून, 22 मीटर लांबीचा चर, पाऊण मीटर खोल. त्यात 25 बाय 6 मिलिमीटरची गरम जस्तलेपित जीआय पट्टी, भोवती बेंटोनाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारी माती. दोन टोकांना आणि मध्ये 150 मिलिमीटरची भोकं, पत्थर लागेपर्यंत, त्यात 40 मिलिमीटरचे जीआय पाइप, पट्टीला जोडलेले. पट्टी आणि पाइप दोन्ही जीआयच. तांबं चांगलं, पण ते जमिनीत जीआयला जोडलं की झीज जीआयची होते, आणि आसपास बिल्डिंगच्या पायातलं लोखंडही आहे.

तीन पाइप एकमेकांना चिकटून का नाहीत, असं एका ताईंनी विचारलं. प्रश्न नेमका होता. प्रत्येक इलेक्ट्रोड आपल्या भोवतीच्या जमिनीत करंट सोडतो. दोघं जवळ असले की एकच माती दोघं वापरतात आणि दुसऱ्याचे पैसे निम्मे वाया जातात. लांबीच्या दुप्पट अंतर असेल तर दोन इलेक्ट्रोड मिळून एकाच्या साधारण 55 टक्क्यांवर येतात. दोन मीटरचे पाइप 11-11 मीटरवर म्हणजे ऐसपैस.

आकडा विचारलाच तर: आठ ते बारा ओहमच्या मध्ये, उन्हाळ्यात. यापेक्षा कमीचं वचन या जमिनीवर मी देणार नाही. काका थोडे हिरमुसले. मग जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण प्रत्येक सोसायटीत हे पुन्हा सांगावं लागतं.

समजा आपला अर्थ 9 ओहम आहे आणि गीझरमध्ये फेज थेट बॉडीला लागली. 230 भागिले 9, जेमतेम 25-26 अँपिअर. घराची मेन एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, 32 अँपिअरची. ती यावर पडणारच नाही. 16 अँपिअरची सी टाइप एमसीबी क्षणात पडायची खात्री हवी तर तिच्या दहापट, 160 अँपिअर लागतात. त्या "गॅरंटी"च्या एका ओहमवरही, ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थ एक ओहम धरला तर, मिळतात 115. म्हणजे नुसत्या इलेक्ट्रोडच्या भरवशावर एमसीबी घरातल्या माणसाला वाचवत नाही, मग ओहम पाच असोत की एक. आरसीसीबी, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की पडणारा स्विच, मात्र 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडते. तिच्यासाठी बॉडीवर जास्तीत जास्त 50 व्होल्टची मर्यादा धरली तर सैद्धांतिक हिशेबाने 1,667 ओहमही चालतात. म्हणून प्रत्येक घरात आरसीसीबी, आणि वीज कंपनीच्या अर्थ टर्मिनलशी जोड, या दोन गोष्टी अंदाजपत्रकात पट्टीच्या आधी लिहिल्या आहेत.

"मग खड्डा कशाला?" असं खजिनदार म्हणाले. कारण आरसीसीबीच्या आत स्प्रिंग आणि कॉइल आहे, ती अडकू शकते. कंपनीच्या केबलचा अर्थ रस्त्याच्या खोदकामात तुटू शकतो. त्या दिवशी आपल्या जमिनीतला अर्थ धड असायला हवा, आणि तो मे महिन्यातही टिकायला हवा. दीडशे-दोनशे ओहमचा, दर उन्हाळ्यात वर-खाली होणारा इलेक्ट्रोड त्या कामाचा नाही.

मंजुरी मिळाली. पावसाआधी संपवा, एवढीच अट.

30 एप्रिल

चर खणून झाला. पहिल्या पाच मीटरांत डेब्रिज: विटा, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक. कंपाउंड भरताना लोटलेलं. ते सगळं बाहेर काढलं. इलेक्ट्रोडभोवती पोकळ, भसभशीत भराव असला की पट्टी हवेत ठेवल्यासारखीच. गॅसची पिवळी पाइप आडवी आली, तिथे कुदळ बाजूला ठेवून खुरप्याने हाताने मोकळी केली आणि पट्टी तिच्या बरीच खालून, अंतर राखून नेली. अशोकाची मुळं तोडली नाहीत, चर थोडा वळवला. वळणाने फरक पडत नाही, सरळ रेषेतली लांबी फार कमी होऊ नये एवढंच.

भोकं 1.9, 2.1 आणि 2.0 मीटरवर पत्थराला टेकली. चार स्पाइकच्या मापाने जे सांगितलं होतं, जवळजवळ तेच.

3 मे

बेंटोनाइट. ही माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते, तेच तिचं काम. कोरडी पोती चरात उलटी करून वरून पाइपने पाणी मारायची पद्धत सर्रास चालते. त्याने वर साय धरते आणि आत कोरडे गोळे राहतात. आम्ही ड्रममध्ये आधी पाणी घेऊन त्यात बेंटोनाइट थोडं थोडं सोडत ढवळलं, इडलीच्या पिठाइतकं दाट होईपर्यंत. मामांनी हात कोपरापर्यंत घालून तळाशी गोळे आहेत का ते बघितलं. भोकात पाइप मधोमध उभा धरून तळापासून वर भरत आलो, म्हणजे हवा अडकत नाही. चरात आधी एक थर, त्यावर पट्टी, वर दुसरा थर, मग चाळलेली माती, पाणी, धुम्मस, पुन्हा माती.

बेंटोनाइट पूर्ण वाळलं तर आकसतं आणि पाइपपासून सुटतं. म्हणून वरचा थर मातीचाच हवा, आणि जागा सावलीची. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो आणि पावसाच्या पाइपचं पाणी या पट्टीकडे वळवलं. साधं पाणी, मीठ नाही.

सांधे: पट्टीवर पट्टी चढवून चारही बाजूंनी वेल्डिंग, स्लॅग ठोकून काढला, जस्ताचा रंग, त्यावर डांबरी टेप. जमिनीखाली एकही बोल्ट नाही. जो सांधा उघडायचा आहे तो फक्त चेंबरमधला टेस्ट लिंक, दोन बोल्टचा, डोळ्यांसमोर. चेंबर पेव्हरच्या पातळीला, वर उचलता येईल असं झाकण. ते कुणी पुन्हा ब्लॉकखाली गाडणार नाही याची जबाबदारी काकांनी घेतली.

5 मे

मोजमाप. हीच पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते.

अर्थमधून लांबच्या करंट स्पाइककडे करंट सोडायचा आणि मधल्या स्पाइकवर व्होल्टेज मोजायचं, अशी ही पद्धत. एका छोट्या पाइपला करंट स्पाइक 25-30 मीटरवर चालतो. 22 मीटरच्या पट्टीला नाही. स्पाइक तिच्याच प्रभावक्षेत्रात पडला की आकडा खोटा आणि छान कमी दिसतो. शेजारच्या सोसायटीची परवानगी घेऊन त्यांच्या कंपाउंडमधून पलीकडच्या मैदानापर्यंत वायर ओढली. करंट स्पाइक 100 मीटरवर, व्होल्टेजचा 62 मीटरवर. मैदानात मुलांचं क्रिकेट चालू होतं. त्यांच्यातल्या एका मोठ्या मुलाने स्वतःहून स्पाइकजवळ उभं राहून कुणाला वायरीत पाय अडकू दिला नाही.

मेन स्विच बंद, टेस्ट लिंक उघडी. हे दोन्ही न चुकता. लिंक न उघडता मोजलं तर कंपनीचा अर्थ, पाण्याच्या पाइप, पायातलं लोखंड, सगळं मिळून मोजलं जातं. आणि मेन चालू ठेवून लिंक उघडली तर तेवढा वेळ बिल्डिंग अर्थशिवाय राहते.

52 मीटरवर 9.2, 62 वर 9.4, 72 वर 9.7. तिन्ही आकडे जवळ आहेत, म्हणजे अंतर पुरेसं आहे. हे तीन आकडे दूर-दूर आले असते तर मधला घेऊन पुढे जायचं नसतं, स्पाइक आणखी लांब न्यायचा असतो.

9.4 ओहम. जुना 52 चा पाइप यात धरलेला नाही, तो निवृत्त केला. माती अजून बसायची आहे, बेंटोनाइट ताजं ओलं आहे. या दोन गोष्टी आकड्याला उलट दिशांनी ओढतात, त्यामुळे हा अंतिम आकडा म्हणून लिहीत नाही.

17 मे

6 तारखेच्या संध्याकाळी वळीव आला आणि नंतरही ढगाळच. कोरड्या जमिनीचं माप घ्यायचा बेत या वर्षी जमेल असं दिसत नाही.

आज कंपनीच्या अर्थ टर्मिनलचं काम. वीजपुरवठा सुरू होतो तिथे ग्राहकाच्या वापरासाठी अर्थचं टर्मिनल द्यायचं, ही पुरवठादाराची जबाबदारी 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला नियम 33 सांगत होता, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही ती कायम राहिली. इथे टर्मिनल होतं. सोसायटीच्या अर्थ बसबारपासून (सगळ्या अर्थच्या वायरी जिथे जमतात ती पट्टी) तिथपर्यंत वायरच कधी ओढलेली नव्हती. अर्ज दिला होता, कंपनीचे लोक आले, केबलचं आर्मर (धातूचं कवच) आणि टर्मिनल तपासून दिलं, आमची वायर त्यांच्या समोर जोडली.

नंतर आजींच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर लूप इम्पिडन्स, म्हणजे फॉल्टच्या करंटला जाऊन परत यायच्या पूर्ण वाटेचा रोध, मोजला: 0.61 ओहम. म्हणजे फॉल्टला 377 अँपिअर, 32 ची सी टाइप एमसीबीसुद्धा क्षणात पडेल. आता करंटला परत जायला धातूची वाट आहे, त्याला जमिनीतून जावं लागत नाही. न्यूट्रल-अर्थ 0.8 व्होल्ट. आजींनी स्वतः मशीनला ओला हात लावून बघितला. मी नको म्हणत होते.

मामांना क्लॅम्प टेस्टर दाखवला, वायर किंवा पट्टीभोवती चिमट्यासारखा लावून तिच्या पूर्ण गोलाचा रोध मोजणारा. मेन स्विच बंद. चेंबरपासून बसबारपर्यंत दोन पट्ट्या गेल्या आहेत, त्यातल्या एकीला क्लॅम्प लावला तर 0.08 ओहम. हा अर्थचा आकडा नव्हे. दोन पट्ट्यांचा मिळून जो धातूचा गोल झाला, त्याचा रोध आहे. असे आकडे फोटो काढून बिलाला जोडले जातात. टेस्ट लिंकच्या पलीकडे, जमिनीत उतरणाऱ्या एकट्या पट्टीला क्लॅम्प लावला तर 9.1. यात आपला इलेक्ट्रोड अधिक कंपनीच्या बाजूचे सगळे अर्थ मिळून येतात. कंपनीची जोड होती म्हणूनच हा आकडा निघाला. महिनाभरापूर्वी याच क्लॅम्पने इथे काही दाखवलं नसतं, कारण गोल पुरा होत नव्हता.

26 मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल. नेहमीच्या 11 जूनच्या कितीतरी आधी. चेंबरमध्ये पाणी साचत नाही ना, एवढंच काकांना फोनवर विचारलं. तळाला खडी टाकली आहे, मुरतंय म्हणाले.

28 जून

पुन्हा त्याच जागी स्पाइक, तेच अंतर: 5.6 ओहम. काका खूश, "मॅडम, अर्ध्यावर आलं की!" चेंबरच्या झाकणावर 5.6 रंगवायची त्यांची इच्छा. मी दोन्ही लिहायला लावले, तारखेसकट: 5 मे 2025, 9.4, 28 जून 2025, 5.6. पावसातलं माप जमिनीच्या चांगल्या दिवसांचं असतं. सोसायटीला जगायचंय एप्रिल-मेमध्येही. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस 3043 मध्ये, कितीही तक्ते असले तरी त्या जागेचं, त्या ऋतूचं माप घेतल्याशिवाय ते अपुरेच.

12 जुलै

सोळापैकी चौदा घरांत 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबी बसल्या. दोन घरं बंद आहेत. पहिल्या मजल्यावरच्या एका घरात बसवल्याबरोबर पडू लागली. घरच्यांचं म्हणणं, "नवीन स्विच खराब आहे, काढून टाका." आरसीसीबी सहसा उगाच पडत नाही, आणि काढून टाकायची तर अजिबात नाही. एकेक सर्किट सोडवत बाथरूमच्या दिव्यापर्यंत पोचलो. कुणीतरी, कधीतरी, न्यूट्रल तुटल्यावर दिवा पेटवायला अर्थची वायरच न्यूट्रल म्हणून जोडली होती. इतकी वर्षं तो दिवा बिल्डिंगच्या अर्थमधून करंट परत पाठवत होता. अर्थ तुटलेला होता त्या काळात हा दिवा लावला की त्याच्यामार्गे फेज सगळ्यांच्या बॉडीवर येत असणार. आजींचा झटका एकट्या गीझरचाच होता का, हा प्रश्न आता माझ्या मनात आहे. पाइपमधून नवी न्यूट्रल ओढली, आरसीसीबी टिकली. प्रत्येक घरात टेस्ट बटण दाबून दाखवलं, महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं.

बाकी: बंद असलेली दोन घरं. पंपाच्या स्टार्टरचा अर्थ दुहेरी करायचा आहे. कोरड्या जमिनीचं माप 2026 च्या एप्रिलअखेर, वळीव यायच्या आत, शेजारच्या सोसायटीला आधी कळवून.